स्मरणिकेसाठी आठवण : पाडवा २००३

प्रेषक : सुधाकर
दिनांक : ३ मार्च २०२३

नमस्कार मंडळी,

नीताताईंनी स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी मागवल्यात. पहिला गणपती, बेसमेंटमधल्या नाटकाच्या तालमी, बर्फात अडकलेली ढोलकी, सगळं येऊन गेलंय. मला मात्र सारखा २००३ चा पाडवा आठवतो.

तिथीने पाडवा बुधवारी, २ एप्रिलला होता. आपण नेहमीप्रमाणे शनिवार धरला, ५ तारीख, शाळेच्या कॅफेटेरियात. कडुलिंब मिळाला नव्हता म्हणून कुणीतरी इंडियन स्टोअरमधून कढीलिंबाची डहाळी आणली होती, त्यावरून हसणं चाललं होतं. जिमच्या बाहेर भिंतीवर टीव्ही होता आणि त्याच दिवशी इराकच्या युद्धात अमेरिकन रणगाडे पहिल्यांदा बगदादमध्ये घुसले. दोनच आठवड्यांपूर्वी आपण रात्र जागून वर्ल्डकपची फायनल हरलो होतो. तशाच चेहऱ्याने, श्रीखंडाच्या वाट्या हातात धरून, आपण दहा-बाराजण तिथे उभे. "किती आत गेले?" असं कुणीतरी विचारलं. स्कोअर विचारावा तसं.

रणगाड्याबरोबरचा वार्ताहर "आम्ही" म्हणत होता. आम्ही पुढे सरकतोय, आम्हाला विरोध होतोय. त्या तोफेसमोर कोण आहे, हे त्या अर्ध्या तासात एकदाही दिसलं नाही.

आणि आत आपल्या गुढीला रेशमी खण, साखरेची गाठी, कढीलिंब, वर तांब्या, आणि एक पिवळी फीत. सैनिकांना पाठिंब्याची. ती कोणी बांधली मला ठाऊक नाही. मी पाहिली आणि पुऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

आता जरा नकाशा बघा. एनबीसी हे टीव्ही चॅनेल तेव्हा जनरल इलेक्ट्रिकचं, म्हणजे जीईचं. जीईचं हेडऑफिस तेव्हा आपल्या कनेटिकटमध्येच, फेअरफिल्डला. तिथून मेरिट पार्कवेने पंधरा-वीस मिनिटांवर स्ट्रॅटफर्ड, जिथे सिकोर्स्कीची ब्लॅक हॉक बनतात. त्या ब्लॅक हॉकमधलं इंजिन जीईचं. म्हणजे हेलिकॉप्टर उडालं की इंजिनाचे पैसे आणि उडताना दाखवलं की जाहिरातीचे. युद्ध बगदादला होतं, गल्ला आपल्या गल्लीत.

छापायचं की नाही ते समितीने ठरवावं.

सुधाकर


प्रेषक : विलास
दिनांक : ३ मार्च २०२३

सुधाकरराव,

स.न.वि.वि. फीत मी बांधली होती.

आधी एक दुरुस्ती. युद्ध सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवसांत चॅनेलांनी जाहिराती बंद ठेवल्या होत्या, त्यात त्यांना चांगलाच फटका बसला. तेव्हा "दाखवलं की जाहिरातीचे पैसे" हे वाक्य टाळीचं आहे, खरं नाही.

दुसरं, सद्दाम कोण होता हे तुमच्या आठवणीत कुठेच येत नाही. हलब्जाला १९८८ च्या मार्चमध्ये त्याने आपल्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला, हजारो माणसं मेली. तो गेला म्हणून तिथल्या कितीतरी घरांत गोडधोड झालं असेल.

आता फितीचं. तुम्ही हार्टफर्डच्या इन्शुरन्समध्ये कोबोल लिहीत होतात, ग्रीन कार्ड खिशात होतं. मी एच-वन व्हिसावर, इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात मेसा गावी एका सरदारजीला त्याच्याच पेट्रोलपंपावर गोळी घातली होती, का तर पगडी. आमच्या गावी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एकाने माझ्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून विचारलं होतं, "कुठला रे तू?" मागच्या सीटवर मुलगा होता, सहा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी मी गाडीला झेंड्याचा स्टिकर लावला. शाळेचा हॉल आपल्याला भाड्याने मिळत होता, तिथला केअरटेकर येता-जाता बघत होता आमच्याकडे. काठीला कापड बांधून, वर भांडं उलटं घालून हे लोक काय करतायत, असं त्याला वाटू नये म्हणून फीत बांधली.

तुमचं ते भांडवलशाही वगैरे ठीक आहे. ह्या लिस्टवरच्या निम्म्या घरांचं मॉर्गेज ईस्ट हार्टफर्डची विमानांची इंजिनं, स्ट्रॅटफर्डची हेलिकॉप्टरं आणि ग्रॉटनच्या पाणबुड्या ह्यांच्यातून फिटलंय. स्मरणिकेत राजकारण नको.

विलास


प्रेषक : गौरी
दिनांक : ४ मार्च २०२३

विलासकाका, फितीची गोष्ट मला माहीत नव्हती. मी तेव्हा बारा वर्षांची, कॅफेटेरियात टेबलाखाली पत्ते खेळत होते.

मी आता वाचनालयात काम करते. जुने पेपर एका क्लिकवर असतात, त्यामुळे काल जेवणाच्या सुट्टीत चाळत बसले. सुधाकरकाका, मालक-इंजिन-चॅनेल अशी सरळ रेघ तुम्ही मारलीत ती मला पटत नाही. मालक फोन करून "ही बातमी मार" असं म्हणत नाही. तसं करायची वेळच येत नाही.

८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी, की इराक खास ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवतोय, अणुबॉम्बसाठी. माहिती कोणाची? नाव न सांगितलेल्या सरकारी अधिकाऱ्यांची. त्याच सकाळी उपाध्यक्ष चेनी एनबीसीवर बसून त्याच बातमीचा दाखला देतात. सरकारने कानात सांगायचं, पेपरने छापायचं, मग सरकारने पेपर दाखवून म्हणायचं, बघा, पेपरात आलंय! आपल्याकडे लग्नं मोडतात अशाने. नळ्या साध्या रॉकेटसाठी होत्या. आणि पेपरने आपली चूक कबूल केली ती २६ मे २००४ ला, आतल्या दहाव्या पानावर.

फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री पॉवेल सुरक्षा परिषदेत इराकच्या जैविक अस्त्रांचा धोका दाखवायला छोटी कुपी हातात धरून बोलले, त्या आठवड्यात परिषदेच्या दाराबाहेरच्या 'गेर्निका'च्या, म्हणजे पिकासोच्या युद्धविरोधी चित्राच्या विणलेल्या पडद्यावर निळं कापड टाकलं होतं. बॉम्बखाली ओरडणारी घोडी आणि बाया कॅमेऱ्यात मागे दिसू नयेत म्हणून. मला ते कापड कुपीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

त्याच महिन्यात एमएसएनबीसीने, म्हणजे एनबीसीच्याच बातम्यांच्या चॅनेलने, फिल डोनाह्यूचा चर्चेचा कार्यक्रम बंद केला. प्रेक्षक कमी म्हणून? त्या चॅनेलवर तोच सगळ्यात जास्त बघितला जात होता. आतलं एक टिपण नंतर बाहेर आलं : युद्धाच्या काळात हा माणूस चॅनेलचा चेहरा म्हणून अडचणीचा, कारण तो युद्धविरोधी पाहुणे बोलावतो.

मग खुर्चीत कोण बसलं? 'फेअर' ह्या माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या गटाने युद्धाच्या पहिल्या तीन आठवड्यांत सहा बातमीपत्रांतले १,६१७ बोलणारे मोजले. त्यातले ६४ टक्के युद्धाच्या बाजूचे. अमेरिकन बोलणाऱ्यांत युद्धाला विरोध करणारे ३ टक्के. तुम्ही श्रीखंड खात जो टीव्ही बघत होतात, तो ह्याच आठवड्यांतला. आणि पडद्यावर तज्ज्ञ म्हणून बसणारे कितीतरी निवृत्त लष्करी अधिकारी शस्त्रकंपन्यांशी बांधलेले होते, पेंटॅगॉन त्यांना मुद्दे पुरवत होतं. हे २००८ मध्ये उघड केलं न्यूयॉर्क टाइम्सनेच. म्हणजे पत्रकार वाईट असतात असं नाही. पाच वर्षं उशीर होतो, एवढंच.

सगळ्यात वाईट मला ह्याचं वाटलं : नाइट रिडर नावाच्या वर्तमानपत्रांच्या कंपनीच्या वॉशिंग्टन ब्यूरोतले दोघं-तिघं तेव्हाच लिहीत होते की पुरावा कच्चा आहे. ते मंत्र्यांना नाही, खालच्या अधिकाऱ्यांना विचारत होते. पण कंपनीचा एकही पेपर वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये नव्हता, वाचणार कोण? २००६ मध्ये नफा पुरेसा नाही म्हणून मोठ्या शेअरहोल्डरांनी रेटा लावला आणि ती कंपनीच विकली गेली. ज्यांचं बरोबर निघालं त्यांचं दुकान उठलं. भांडवलशाहीवर लिहायचं तर काका, ह्याच्यावर लिहा.

गौरी


प्रेषक : सुधाकर
दिनांक : ४ मार्च २०२३

विलास, गौरी,

जाहिरातींचं विलासचं बरोबर, ते वाक्य काढतो. टाळीचंच होतं.

सद्दामबद्दल : १९८३ च्या डिसेंबरात रम्सफेल्ड, ह्या युद्धातले संरक्षणमंत्री, बगदादला जाऊन त्याच्याशी हस्तांदोलन करून आले होते. हलब्जाच्या आधी. तेव्हा तो कामाचा होता. त्याच्या क्रौर्याची आठवण वीस वर्षांनी, गरज पडल्यावर आली, म्हणून मला त्या आठवणीचा भरवसा वाटत नाही. क्रौर्य खोटं नव्हतं.

आणि सद्दाम गेल्यावर काय आलं ते बघ. ब्रेमर नावाचा अमेरिकेचा प्रशासक बसला. सप्टेंबर २००३ मधला त्याचा हुकूम क्रमांक ३९ : तेल, बँका सोडून बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी आणि सगळा नफा देशाबाहेर न्यायची मुभा. दुसऱ्या हुकमाने कर जास्तीत जास्त १५ टक्के. एवढं सगळं रातोरात बदललं. एक कायदा मात्र जपून ठेवला, १९८७ चा, सद्दामचाच : सरकारी कारखान्यांत कामगार संघटना नको. हुकूमशहाच्या घरातलं सगळं फेकलं, तेवढं कुलूप ठेवून घेतलं. माझे वडील परळला गिरणीत होते, म्हणून मला हे जास्त लागतं असेल.

विलास, तुझी फीत मला समजली. तेव्हाच विचारलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या पाडव्यानंतर तीनच दिवसांनी, ८ एप्रिलला, दिल्लीच्या संसदेने युद्धाविरुद्ध ठराव केला. "विरोध" म्हणावं की "धिक्कार", ह्यावर बरीच ओढाताण. शेवटी हिंदीत "निंदा", इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द. आपलं काय वेगळं होतं? घरी मराठीत निंदा, बाहेर पिवळी फीत. माझी तर फीतही नव्हती, नुसती निंदा, तीही मनात.

मॉर्गेजचं म्हणशील तर मी कोबोल लिहिलं म्हणून सोवळा नाही. माझ्या फोर-ओ-वन-के मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात, इंडेक्स फंड आहे. त्यात तुझा कारखाना आहे, शस्त्रं बनवणारी लॉकहीड आहे, सगळे आहेत. गेल्या वर्षी युक्रेनवर रशिया चालून गेला आणि त्या शेअर्सचे भाव वर गेले, तेव्हा मी स्टेटमेंट उघडून बघितलं होतं. बघितलं, आणि बरं वाटलं. हे छापू नका.

सुधाकर


प्रेषक : विलास
दिनांक : ५ मार्च २०२३

हे छापाच.

आणि "तुझा कारखाना" कसला? शॉप २००९ मध्ये बंद झालं, आम्हा चौदा जणांना शुक्रवारी दुपारी कागद दिला. युद्ध तेव्हाही चालूच होतं. गल्ला गल्लीत आला म्हणता, तो कुठल्या घरात गेला तेही लिहा.

विलास


प्रेषक : नीता (स्मरणिका समिती)
दिनांक : ५ मार्च २०२३

सर्वांना नमस्कार,

दोनशे तीस जण ह्या लिस्टवर आहेत, त्यातल्या चौघांनी मला "हे बंद करा" आणि सहा जणांनी "पुढचा मेल कधी?" असं वेगळं कळवलंय. वाद घालायला हरकत नाही, फक्त विषयाची ओळ बदला, म्हणजे पाडव्याच्या जेवणाची नावनोंदणी ह्यात हरवणार नाही. (नावनोंदणी १५ तारखेपर्यंत. मुलांचं पिझ्झा वेगळं लिहा.)

सुधाकरराव, ३५० शब्द. पानं लागली आहेत, पान ३८ वर जागा निघते, सुरळीच्या वडीच्या पाककृतीनंतर.


प्रेषक : गौरी
दिनांक : ५ मार्च २०२३

नीताताई, पान ३८ म्हणजे आतलं दहावं पान झालं की आपलं!


प्रेषक : नीता (स्मरणिका समिती)
दिनांक : ५ मार्च २०२३

कळलं गं. पान ९ देते, पण समोर प्रायोजकांचं पान आहे आणि त्यात कोण कोण आहेत ते सुधाकररावांनी आधी बघून घ्यावं. मागून तक्रार नको. विलासराव, तुमचे २०० शब्द त्याच पानावर. त्या वर्षीच्या गुढीचा फोटो कोणाकडे आहे का?


प्रेषक : विलास
दिनांक : ५ मार्च २०२३

माझ्याकडे आहे, अल्बममध्ये. उद्या स्कॅन करून पाठवतो. उजवीकडे कढीलिंबाच्या मागे फीत दिसते. क्रॉप करू नका.