पहार लावू नका, पुलर लावा

@दादा, इंजिनाच्या क्रँकवरची (मुख्य फिरत्या दांड्यावरची) पुली निघत नाही म्हणून मागून पहार घालायचा सल्ला वर आलाय. तेवढं करू नका. जुन्या ट्रॅक्टरची पुली बहुधा बिडाची असते, कड तुटते, आणि पहारीचा टेकू टायमिंग कव्हरवर (इंजिनाच्या पुढच्या झाकणावर) येऊन तेही तडकतं.

तीन पायांचा पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) सुद्धा कडेला नको. पुलीच्या तोंडावर आट्यांची भोकं असतील तर त्यात बोल्ट घालून ओढा. क्रँकचा बोल्ट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे धरून ठेवा, म्हणजे पुलरचा दाब त्याच्या डोक्यावर येतो आणि क्रँकचे आटे वाचतात.

आधी डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. सकाळी पुसून, पुलर ताणून मग उष्णता. गॅस फक्त पुलीच्या मधल्या जाड भागावर (हबवर), गोल फिरवत. ४० मिमीचं भोक क्रँकपेक्षा १५० अंशांनी जास्त तापलं तर साधारण ०.०६ मिमी मोठं होतं, एवढं पुष्कळ झालं. म्हणून क्रँक तापायच्या आत झटपट तापवा. मग पुलरच्या बोल्टवर हलकी टिचकी, घणाचे घाव नकोत, थ्रस्ट वॉशरची (क्रँकला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या चकतीची) वाट लागते.

पुलीमागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) भाजणारच, नवं आधीच आणून ठेवा. पुली क्रँकवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेली चावी (लोखंडी पट्टी) असेल तर खाचेसकट तपासा.