मदत हवी आहे: शिफ्ट उलट्या क्रमाने फिरते, क्रम बदलून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

माझे मिस्टर बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, तीही उलटी: आधी नाईट, मग सेकंड, मग फर्स्ट. नाईटचा आठवडा कसाबसा निघतो. खरे हाल फर्स्टचे. पहाटे साडेपाचला बस गाठायची आणि रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही. जेवण तुटलंय, ॲसिडिटी कायमची. मागच्या महिन्यात तर मशीनसमोर उभ्याउभ्या डुलकी लागली. शेजारच्या माणसाने हात धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

याबद्दल मिळेल ते वाचत गेले, त्यात हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स साइसलर यांचं काम सापडलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो, शरीराचं मुख्य घड्याळ तेच. डोळ्यांतून येणारा उजेड ते रोज लावून देतो. साइसलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असतं. म्हणजे त्याचा कल मुळातच रोज थोडं उशिरा सरकण्याकडे. झोप पुढे ढकलायला शरीर तयार होतं, अलीकडे ओढायला लागलो की अडतं. आमच्याकडची शिफ्ट नेमकी अलीकडे ओढते!

त्यांचाच १९८२ चा अभ्यास अमेरिकेत यूटामधल्या एका खनिज कारखान्यातला आहे. तिथेही शिफ्ट अशीच उलटी फिरायची. ती फर्स्ट, सेकंड, नाईट अशी सुलट केली आणि काही कामगारांची शिफ्ट आठवड्याऐवजी २१ दिवसांनी बदलली. तब्येतीच्या तक्रारी घटल्या, नोकरी सोडून जाणारे कमी झाले, उत्पादनही वाढलं. हे वाचलं आणि वाटलं, हे तर आपल्याकडेही मागता येईल. यात कंपनीचाही फायदाच आहे.

तर कोणी असा क्रम बदलून घेतला आहे का? अर्ज कोणाकडे द्यावा, युनियनकडून की सरळ प्लांट मॅनेजरकडे? एकट्याने दिला तर डोळ्यावर येण्याची भीती वाटते.

दुसरं, नाईटनंतरच्या झोपेचं. मे महिन्यात आपल्या नागपुरात दिवसा झोपायचं तर कूलर हवाच. पण कूलर खिडकीत, त्याच्या जाळीतून उजेड आत येतो. समोरची खिडकी बंद केली तर दमट होऊन अंग चिकचिकतं, उघडी ठेवली तर ऊन थेट उशीवर. एसी सध्या परवडण्यासारखा नाही. कोणी काही जुगाड केला असेल तर फोटोसकट सांगा.

आणि झोपेच्या तक्रारींसाठी नागपुरात नेमकं कुठल्या विभागात दाखवतात? फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, ती मला द्यायची नाहीये.

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे क्रम सुलट आहे, हिंगण्याला. अर्ज एकट्याने देऊच नका. लाइनवरच्या दहाबारा जणांच्या सह्या घ्या आणि डुलकीची घटना तारखेसकट लिहा, सुरक्षेचा मुद्दा आला की वरचे ऐकतात. एक मात्र ध्यानात ठेवा. सुलट क्रमात नाईट संपली की फर्स्ट येते. साप्ताहिक सुट्टी नेमकी त्या जागी पडली नाही तर पुन्हा तीच बोंब. अर्जात हे आत्ताच घाला.
कूलरचं म्हणाल तर खिडकी उघडी राहू द्या. तिच्या बाहेरून हातभर अंतरावर जाड काळी ताडपत्री तिरपी बांधा. हवा बाजूने निघून जाते, ऊन अडतं. कूलरच्या बाजूने उजेड येतोच, त्यासाठी डोळ्यांवर काळी पट्टी.

धागाकर्ती

भाऊ, खूप आभार. सुट्टीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यांची सुट्टी गुरुवारी असते आणि शिफ्ट सोमवारी बदलते, म्हणजे तेही मागावं लागेल. उद्या सेकंड सुटल्यावर हे सह्यांचं बोलणार आहेत. डॉक्टरांबद्दल कोणाला माहीत असेल तर अजून वाट बघतेय.