‘बॅरीमोर’ आणि विंगेतला फ्रँक

बी-३०४, शनिवार, रात्री ९.४०
सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या रविवारी पार्किंगमध्ये ‘बॅरीमोर’ या चित्रपटाचा विषय निघाला होता आणि नंतर तिघाचौघांनी तो पाहिल्याचे कळवले, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मूळ नाटक विल्यम ल्यूस यांचे. ख्रिस्तोफर प्लमर यांनी ते १९९७ साली ब्रॉडवेवर केले आणि त्याच भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. पुढे २०११ साली एरिक कॅन्युएल यांनी त्यांनाच घेऊन चित्रपट केला. काळ १९४२ चा. एकेकाळचा नामवंत अमेरिकन नट जॉन बॅरीमोर थिएटर भाड्याने घेतो आणि १९२० साली स्वतःच गाजवलेल्या शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डची तालीम पुन्हा सुरू करतो, पण ओळी आठवत नाहीत, म्हणून तो भावंडे, चार लग्ने आणि दारू यांचे किस्से सांगत सुटतो. प्रत्यक्षातला बॅरीमोर त्याच वर्षी २९ मे रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी वारला.

ए-१०२, रात्री १०.०५
भाऊजी, माझी तक्रार स्पष्टच सांगते. ज्यात एकच माणूस दीड तास बोलत राहतो, ते नाटकगृहातच शोभते. त्याला चित्रपट म्हणणे मला पटले नाही. आपल्याकडे ‘नटसम्राट’चा २०१६ साली चित्रपट झाला तेव्हा घर, रस्ता, माणसे दिसली आणि डोळ्यांना काहीतरी मिळाले.

बी-३०४, रात्री १०.२०
वहिनी, ‘नटसम्राट’ मुळात एकपात्री नाही. शिरवाडकरांच्या नाटकात कावेरी आहे, मुले आहेत, सून-जावई आहेत. ती माणसे पडद्यावर आली तर त्यात नवल नाही. इथे मात्र बॅरीमोरच्या चार बायका प्रत्यक्ष दाखवल्या असत्या तर त्याची गोष्ट खरी की रंगवलेली, हा संशयच उरला नसता. शिवाय कथेनुसार थिएटर रिकामे आहे. नाटकाच्या प्रयोगात ते रिकामे थिएटर प्रेक्षकांनी भरलेले असते आणि प्रत्येक कोटीवर हशा पिकतो, त्यामुळे हा माणूस एकटा पडला आहे हे प्रेक्षकाला मनाशी मानून घ्यावे लागते. कॅमेऱ्यासमोर ते मानावे लागत नाही. तुम्हाला जो कंटाळा आला, तो मला त्याचा एकटेपणा वाटला. अर्थात त्यातला काही कंटाळा खराही आहे, हे कबूल करतो.

सी-४०१, रात्री १०.५५
उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. तुम्हा दोघांच्या चर्चेत फ्रँक राहून गेला. नाटकाला एकपात्री म्हणतात खरे, पण विंगेतून ओळी देणारा प्रॉम्प्टर फ्रँक त्यात आहे आणि नाटकात त्याचा फक्त आवाज येतो. मी स्वतः हौशी मंडळींच्या नाटकांना बरीच वर्षे प्रॉम्प्टिंग केले असल्यामुळे माझे सगळे लक्ष त्याच्याकडेच होते. हे काम बाहेरून वाटते तेवढे सोपे नसते. नट थांबला की तो विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे क्षणात ठरवावे लागते; आधी शब्द दिला तर त्याचा विराम मेला आणि उशीर झाला तर नट मेला. मी चेहरा पाहत नसे, पाय पाहत असे. ज्याला वाक्य आठवत असते त्याचे पाय जमिनीवर घट्ट असतात, विसरलेल्याची टाच हलू लागते. बॅरीमोरला फ्रँक ओळ देतो आणि तो ती न घेता भलताच किस्सा सुरू करतो, तेव्हा फ्रँकची जी चिडचीड होते ती मला अगदी ओळखीची वाटली.

हॉलिवूडमध्ये अखेरच्या काळात बॅरीमोरसाठी संवादांचे फलक कॅमेऱ्यामागे धरावे लागत. म्हणजे चित्रपटाने त्याच्या विसराळूपणाला आडोसा दिला होता, आणि इथे तो आडोसा सोडून पुन्हा रंगमंचावर जाऊ पाहतो. त्यात प्लमर चित्रीकरणाच्या वेळी ८१ वर्षांचे होते, म्हणजे साठ वर्षांच्या त्या बॅरीमोरपेक्षा एकवीस वर्षांनी मोठे. विसरणाऱ्या माणसाची भूमिका ८१ व्या वर्षी दीड तासाचा मजकूर पाठ करून करायची, याला काय म्हणावे!

ए-१०२, रात्री ११.०२
काका, ही वयाची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. पण विसरण्याचा अभिनय आणि खरे विसरणे यांत प्रेक्षकाला फरक कळतो का, ते सांगा.

सी-४०१, रात्री ११.१८
ताई, नट कसलेला असेल तर कळत नाही. आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, अर्थात २०२४ च्या आगीच्या कितीतरी आधी, साठीच्या एका नटाला मी शब्द देत होतो. दुसऱ्या अंकात ते अडकले, टाच हलली. मी फक्त ‘पण’ एवढेच दिले. पुढचे वाक्य त्यांना तरीही आठवेना, म्हणून त्यांनी तोच शब्द तीनदा उच्चारला, पहिल्यांदा पुटपुटत, दुसऱ्यांदा स्वतःलाच विचारल्यासारखा आणि तिसऱ्यांदा ओरडून; तेवढ्यात वाक्य सापडले आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रंगपटात ते मला काहीच बोलले नाहीत. पुढच्या प्रयोगाला त्यांचे वाक्य चोख पाठ होते, तरीही नेमके तिथे पोचल्यावर ते थांबले आणि मी ‘पण’ देईपर्यंत टाच हलवत उभे राहिले.