मदत हवी आहे: हॉकर हार्टच्या सांगाड्यासाठी गोल नळीचं टोक चौकोनी कसं करू?

नमस्कार मंडळी,

आयटीआयमध्ये ३१ वर्षं फिटर ट्रेड शिकवला, आता निवृत्त आहे. पुण्यात घराच्या गच्चीवरच्या खोलीत हॉकर हार्ट या ब्रिटिश दुपंखी बॉम्बरचं १:५ प्रमाणातलं रेडिओ कंट्रोल मॉडेल करायला घेतलंय. पंखांचा पसारा सव्वादोन मीटरच्या थोडा वर जाईल. बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) पट्ट्यांवर कापड चढवून मोकळं होता आलं असतं, पण मला धडाचा सांगाडा मूळ विमानासारखाच नळ्यांचा करायचाय आणि डावी बाजू कापड न लावता उघडी ठेवायची आहे. शाळेतल्या मुलांनी आत डोकावून बघावं म्हणून. तिथेच घोडं अडलंय.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, म्हणजे एवढा हट्ट कशासाठी ते कळेल.

१९२५ साली ब्रिटनच्या फेअरी कंपनीने फॉक्स नावाचा बॉम्बर उडवला. त्याला अमेरिकन कर्टिस डी-१२ इंजिन होतं, अरुंद आणि लांबट. त्यामुळे नाक निमुळतं झालं, हवेचा अडथळा घटला आणि फॉक्स त्या वेळच्या लढाऊ विमानांना मागे टाकू लागला. सरकारने घेतली फक्त २८ विमानं, पण मुद्दा सगळ्यांच्या डोक्यात बसला. १९२६ मध्ये हवाई मंत्रालयाने १२/२६ क्रमांकाचं मागणीपत्र काढलं: हलका बॉम्बर हवा, वेग ताशी १६० मैल, म्हणजे साधारण २५७ किमी. हॉकरचे मुख्य डिझायनर सिडनी कॅम यांनी रोल्स-रॉइसच्या नव्या व्ही-१२ (व्ही आकारात बारा सिलिंडरच्या) इंजिनाभोवती (पुढे त्याचं नाव केस्ट्रेल पडलं) विमान आखलं. जून १९२८ मध्ये पहिला नमुना उडाला आणि वेग मागितल्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाला, ताशी १८४ मैलांच्या आसपास. इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर पोटाखाली, चाकांच्या मागे, आणि तोही आत-बाहेर सरकणारा. पाणी गार असेल तर वर ओढून घ्यायचा, तापलं की खाली सोडायचा. बॉम्ब टाकायच्या वेळी मागचा माणूस चक्क वैमानिकाच्या आसनाखाली पालथा झोपून नेम धरायचा.

पण मला खरं वेड लावलंय ते सांगाड्याने. त्या मागणीपत्राच्या स्पर्धेत अ‍ॅव्हरोचं अ‍ॅन्टिलोपही होतं आणि ते उडायला चांगलंच होतं. तरी हार्ट निवडलं गेलं, कारण त्याची देखभाल स्वस्त पडणार होती. तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडे पैशांची चणचण होती. हॉकरची पद्धत अशी: पोलादी आणि ड्युरॅलुमिनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूच्या) गोल नळ्या घ्यायच्या, जोडाच्या जागी त्यांना दाबून चौकोनी करायचं आणि दोन्ही अंगांना सपाट पट्ट्या लावून आरपार बोल्टने आवळायचं. वेल्डिंग नाही. एक नळी वाकली तर पान्याने बोल्ट खोला, दुसरी बसवा. १९३१ मध्ये ३९ नंबरच्या स्क्वॉड्रनला (हवाई दलाच्या तुकडीला) वायव्य सरहद्दीजवळच्या रिसालपूरला, म्हणजे आताच्या पाकिस्तानात, ही विमानं मिळाली. आपल्या उन्हाळ्यासाठी रेडिएटर मोठा केलेला होता. सरहद्दीवरच्या त्या धुळीत कारखाना कुठून आणणार? तिथे हा जोडच कामाला येतो. हीच पद्धत कॅम यांनी पुढे हरिकेन या लढाऊ विमानाच्या धडालाही वापरली. चौकोनी टोकाला सपाट पट्टी पूर्ण टेकते, गोल नळीवर ती एका रेषेतच टेकते आणि बोल्ट आवळला की नळी चेपते. वर्गात ही गोष्ट फळ्यावर काढून सांगण्यापेक्षा हातात दिली तर पोरांच्या पटकन डोक्यात शिरते.

आता अडचण. बोहरी आळीतून ८ मिमी बाहेरच्या व्यासाची, १ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी आणली. ६ मिमीच्या चौकोनी सळईला कानस मारून पुढे निमुळती केली, तेल लावलं आणि हातोडीने आत ठोकली. सहा नळ्या केल्या, सहाही कोपऱ्यावर लांबीत फाटल्या. चीर तोंडापासून साधारण १० मिमी आत जाते. सळई चांगली घासून घेतली, ठोके हलके मारले, तरी तेच.

दुसरा प्रश्न तोलाचा. हार्टचा खालचा पंख वरच्यापेक्षा लहान आहे, वरचा त्याच्या पुढे आणि शिवाय टोकांकडे मागे झुकलेला. मग गुरुत्वमध्य कुठून मोजायचा?

प्रतिसाद १

काका, सळईचं मापच जास्त आहे. हिशेब करून बघा. नळीच्या जाडीच्या मधोमध व्यास धरला ७ मिमी, तर परीघ २२ मिमी. त्याचा चौकोन केला तर बाजू साडेपाच. म्हणजे बाहेरून साडेसहा आणि आतून साडेचार. तुम्ही आत ६ ची सळई घालताय, म्हणजे धातूला ताणताय. तो कोपऱ्यातच फाटणार. आत साडेचारची सळई ठेवा, तिचे कोपरे कानसीने गोल करा म्हणजे ती हाताने जाईल, आणि मग व्हाइसच्या जबड्यात बाहेरून दाबा. थोडं दाबायचं, पाव फेरा फिरवायचं, पुन्हा दाबायचं. ठोकू नका.

दाबायच्या आधी टोक नरम करून घ्या. कपड्याचा साबण ओला करून टोकावर चोळा, वाळू द्या आणि गॅसच्या लहान ज्योतीवर धरा. साबण काळा पडला की लगेच बाजूला घ्या, त्यापुढे नळी एकदम गळते.

प्रतिसाद २

तोलासाठी दोन्ही पंख वेगवेगळे कागदावर काढा. प्रत्येकाची सरासरी रुंदी काढा, मागचा झुकाव धरून. त्या रुंदीच्या पुढून २५ टक्क्यांवर खूण करा. मग दोन खुणांच्या मधला बिंदू क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्या. वरचा पंख मोठा असल्याने बिंदू त्याच्याकडे सरकेल. पहिल्या उड्डाणाला त्याच्याही जरा पुढेच ठेवा. नाक आखूड वाटलं तर बॅटरी इंजिनाच्या जागी अगदी पुढे बसवा, शिसं कमी लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ६ च्या सळईनेच घात केला, आणि परिघाचा हिशेब मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलाय. काल रात्री साडेचारची सळई कोपरे गोल करून घासून घेतली, साबण लावला, व्हाइसमध्ये दाबलं. चार नळ्या केल्या, चारही शाबूत. बाहेरून माप ६.५ आणि ६.६ च्या मध्ये येतंय. पट्टी दोन्ही अंगांना सपाट बसली आणि एम-२ चा बोल्ट आवळल्यावर नळी जराही चेपली नाही. पहिला जोड जुळलाय, फोटो उद्या उजेडात काढून टाकतो. पंखांचं क्षेत्रफळ काढायला आज बसतोय.