अनुभव धागा: दुष्काळानंतर जो पाऊस आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

लातूरकरीण
आज सोसायटीत टँकर आला, पाइप टाकीत सोडल्यावर जो आवाज येतो ना तो ऐकला आणि २०१६ डोळ्यासमोर आलं. रेल्वेच्या पाण्याबद्दल सगळ्यांना माहितीये. एप्रिलमधे मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली, १० डबे, ५ लाख लिटर, मग ५० डब्यांची सुरू झाली. त्यावर खूप बोलून झालंय. मला त्यानंतरच्या पावसाबद्दल ऐकायचंय, त्यावर कुणी बोलतच नाही.

धनेगावचं मांजरा धरण पार जोत्याखाली, म्हणजे मृतसाठ्यात गेलेलं, आणि सप्टेंबर संपता संपता तेच धरण भरलं. त्या रात्री आई झोपलीच नाही. पागोळ्यांखाली परात, घमेलं, कळशी, कुकर, जे हाताला लागेल ते लावत होती. भरलं की ड्रममधे ओतायचं, परत लावायचं. ड्रम भरले तरी थांबेना. बाबा म्हणाले अगं आता बस्स, तर म्हणे उद्या नाही आला म्हणजे? पुढे नळाला पाणी यायला लागलं तरी भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतायला आमच्या घरात बरेच महिने कुणाचा हात झाला नाही. अजून आई तांदळाचं धुवण झाडालाच घालते.

लिहा तुम्ही पण. कोणत्याही सालचं चालेल.

काळंरान
केज तालुका. आमच्याकडं रानाला एवढाल्या भेगा होत्या की शेळीचं करडू पाय अडकून बसायचं. पहिला पाऊस दोन तास झोडपून पडला तरी ओढ्याला थेंब नाही, सगळं भेगांनी पिऊन टाकलं. वडील बांधावर उभं राहून नुसतं बघत होते. दुसऱ्या पावसात रान फुगलं, भेगा मिटल्या आणि मग मातर पाणी वाहायला लागलं ते थांबेना. काळ्या मातीचं असंच असतंय, मिटली की पाणी आत घेत नाही. वरून ओढा, खालून मुरमात पाझर, विहिरीच्या कडंला बसलं की आत पाणी पडायचा आवाज येतूय. सगळी वस्ती तो आवाज ऐकायला येऊन बसली होती, म्हातारी माणसं पण.

सिंधफणेचीलेक
काळंरान दादा अंगावर काटा आला 🙏

परांडाकर
हितं रात्रीपासून पडायलाय, लाईट नाही, मोबाईल १२ टक्के. नंतर लिहितो.

लातूरकरीण
सांभाळून राहा दादा.

गोदाकाठ
पैठणची. आमचं प्रकरण वेगळं. २०१९ चा ऑगस्ट आठवतोय का? आमच्या डोक्यावर ढगाचा तुकडा नाही, खरीप वाळत चाललेलं, औरंगाबादहून कृत्रिम पावसाची विमानं उडत होती, आणि इकडे नाथसागर, म्हणजे आमचं जायकवाडी धरण, रोज फुगत होता कारण पाऊस सगळा नाशिकला. दारणा, गंगापूर, नांदूर मधमेश्वर, तिथून सोडलेलं पाणी खाली आमच्याकडे. कोरड्या उन्हात उभं राहून भरलेलं धरण बघायला गेलो आम्ही, गर्दी तर विचारू नका, कणसं काय, भेळ काय. सासरे म्हणाले पाणी आलं पण पाऊस नाही आला. रान वाळलेलंच होतं ना. कालवा ज्यांच्या बांधाला त्यांचं भागलं, आमचं रान वरच्या अंगाला, आम्हाला फक्त बघायला.

तेरणाकाठी
आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे काय झालं ते पण लिहा की. ज्या सोयाबीनला पाणी पाणी करत होतो ते काढून ढीग लावला आणि परतीचा पाऊस थांबायलाच तयार नाही, ढिगातल्या शेंगांना कोंब आले. ताडपत्री टाकली तर खालून ओल. उन्हाळाभर जनावरं चारा छावणीत आणि दिवाळीला कुजलेलं सोयाबीन. मला राग पावसाचा नाही येत, राग येतो तो पंचनाम्याला आलेल्या माणसाने गाडीतून न उतरता कागद भरला त्याचा.

लातूरकरीण
खरंय. आमच्याकडे पण २०१६ ला तेच झालं, उन्हाळ्यात घागरीसाठी भांडणं आणि ऑक्टोबर लागायच्या आत लोकांना पुरातून काढत होते. मधलं काही आपल्या वाट्याला येतच नाही का.

नुसतावाचक
आपला मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. जून जुलैचा पाऊस घाटावरच रिकामा होतो. आपल्याला खरा जोर मिळतो तो बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होऊन आत सरकला की, म्हणजे बहुतेक वेळा सप्टेंबरमधे, उत्तरा हस्ताच्या सुमारास. २०२१ ला गुलाब चक्रीवादळ तिकडे आंध्र ओडिशाच्या किनाऱ्याला धडकलं आणि पाऊस आपल्याकडे झाला. त्यात खाली काळा पाषाण, मुरायला जागा कमी. म्हणून मृगात पेरणारा माणूस दोन महिने आभाळाकडे बघतो आणि काढणीला आला की पाणी. नशिबाला बोल लावू नका, बांधबंदिस्ती आणि पाझर तलावाचा गाळ काढणं एवढं तरी हातात आहे आपल्या. आमच्या गावाने गाळ काढला होता, पुढच्या पावसात त्या तलावाखालच्या विहिरी मार्चपर्यंत टिकल्या.

आष्टीवाली
छावणीचं कुणीतरी लिहिलं म्हणून. आमच्या दोन गाई आणि एक वासरू छावणीत, अप्पा तिथंच मुक्कामाला, डबा मी घेऊन जायचे. पाऊस आला तेव्हा सगळ्यांनी टोप्या उडवल्या, एक म्हातारबाबा चिखलात लोळले अक्षरशः. पण लोकांना वाटतं पाऊस आला की छावणी उठली, तसं नसतंय हो. गवत यायला वेळ लागतो, तोवर चिखलात जनावरं उभी, खुरं खराब होतात. आणि घरी आणल्यावर आमची मोठी गाय रात्री दावं तोडून कोवळ्या ज्वारीत शिरली. किराळ लागलं, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा. पोट फुगलं, पाय ताणले. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. दुष्काळात जगवलेली गाय हिरव्या चाऱ्याने जाणार होती. अप्पा तिच्या गळ्यात पडून रडले, मी त्यांना आधी कधीच रडताना बघितलं नव्हतं. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी पहिल्या पावसानंतर कोवळ्या ज्वारीपासून लांब ठेवा बाबांनो, पाण्याचा ताण बसलेली तर अजून विषारी.

सिंधफणेचीलेक
आष्टीवाली ताई गाय आहे का अजून

आष्टीवाली
आहे की, म्हातारी झाली. तिची नात दूध देते आता 😊

हस्तनक्षत्र
आज्जीला फोन लावून विचारलं खास. तिने ७२ चा दुष्काळ काढलाय. म्हणते तेव्हा विहिरीला थोडं तरी पाणी होतं पण खायला नव्हतं, खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, त्या नरड्याखाली उतरायच्या नाहीत. पुढल्या सालचा पाऊस आला तेव्हा ती कामावर पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, मुकादम ओरडला आडोशाला या, एकही बाई हलली नाही म्हणे. सगळ्या भिजत उभ्या. मग म्हणाली, आणि तुझा बाप पोटात होता. हे मला आज कळलं!

लातूरकरीण
आज्जींना नमस्कार सांगा. किती सुंदर.

जालनेकर
आमचा भाचा. दुष्काळातच जन्मलेला, ओढा म्हणजे क्रिकेटची जागा एवढंच माहीत. पहिल्यांदा ओढ्याला पाणी आलं तर घरात पळत आला, मामा आपलं ग्राऊंड पळून चाललंय. आम्ही हसून हसून बेजार. नंतर बहीण आत जाऊन डोळे पुसत होती.

वसतिगृहवाला
लातूरकरीण, तुम्ही औसा रोडच्या का? मी तेव्हा बारावीच्या क्लासला होतो, अर्धी रूम गावी गेली होती पाण्यापायी.

लातूरकरीण
नाही हो, गंजगोलाईजवळ. क्लासवाली मुलं गेली तेव्हा मेसवाल्या बायकांचे फार हाल झाले, त्यावर पण कुणीतरी लिहा.

वसतिगृहवाला
आमच्या मेसच्या मावशी केळीच्या पानावर वाढायच्या, ताटं धुवायला पाणी नाही म्हणून. पाऊस पडल्यावर पहिल्यांदा स्टीलच्या ताटात वाढलं आणि वर पुरणपोळी. पैसे घेतले नाहीत त्या दिवशीचे.

परांडाकर
लाईट आली. पाऊस उघडला, ओढा अजून पुलावर आहे पण घरात पाणी नाही, सगळे ठीक. कुणाला माहीत असेल तर सांगा, तूर गेली आमची पाण्यात, त्या रानात आता ज्वारी घ्यावी का हरभरा? मालदांडीचं बी घरचं आहे.

काळंरान
आधी वाफसा येऊ द्या, म्हणजे रान पेरणीजोगं सुकू द्या. घाईनं ट्रॅक्टर घालू नका, ओली काळी चेपली की ढेकळं फुटत नाहीत वर्षभर. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफसा आला तर मालदांडी टाका, कडबा पण मिळंल. त्याच्या पुढं गेलं तर सरळ हरभरा, बीजप्रक्रिया करून, मर रोग लागतो ओलीत. आणि चर काढून ठेवा खालच्या बाजूला.

परांडाकर
बरं दादा. वडिलांना वाचून दाखवतो.