विक्री इथे, नफा भलतीकडे: बहुराष्ट्रीय कंपन्यांना कराबद्दल खासदारांपुढे बसवावं का?

ताळेबंद:
नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने स्टारबक्स, गुगल आणि ॲमेझॉनच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलं: एवढा धंदा इथे करता, मग कर कुठे जातो? स्टारबक्सने १४ वर्षांत ३ अब्ज पौंडांहून जास्त विक्रीवर जेमतेम ८६ लाख पौंड कंपनी कर भरला होता. पैसा बाहेर जायच्या वाटाही तिथे समोर आल्या. ब्रँड वापरल्याबद्दल विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी नेदरलँड्सला, कॉफीच्या बिया स्वित्झर्लंडमधल्या आपल्याच कंपनीकडून २० टक्के नफा चढवून, वर ग्रुपमधल्याच कर्जाचं व्याज. पुढच्याच महिन्यात कंपनीने दोन वर्षांत २ कोटी पौंड भरायचं कबूल केलं.

आपल्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२२ मध्ये बड्या टेक कंपन्यांना बोलावलं, पण विषय होता स्पर्धेचा. बीकेसीत मजलेच्या मजले घेऊन बसलेल्यांना कराबद्दल विचारायला काय हरकत आहे?

चर्चगेट स्लो:
ते २ कोटी पौंड म्हणजे खिरापत. गिऱ्हाईक चिडलं म्हणून दिलेल्या पैशाला कर म्हणायचं का? देणं लागत असेल तर नोटीस काढा, नसेल तर कायदा बदला.

आणि आपल्या खासदारांनी कायदा बदलला की काय होतं तेही पाहिलंय. व्होडाफोनने हचिसनचा इथला मोबाइल धंदा परदेशातल्या सौद्यात घेतला, त्यावर आयकर खात्याने कर मागितला. २०१० मध्ये मुंबई हायकोर्टात खातं जिंकलं, जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरलं. लगेच त्याच वर्षी थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती आली. २०२० मध्ये लवादात सरकार हरलं आणि २०२१ मध्ये ती मागणी गुंडाळावी लागली.

ताळेबंद:
ती दुरुस्ती अर्थ मंत्रालयाच्या वित्त विधेयकातून आली, समितीतून नाही. समिती कर लावतच नाही, प्रश्न विचारते. ब्रिटनने एप्रिल २०१५ पासून बाहेर वळवलेल्या नफ्यावर २५ टक्के कर लावला, तो २०१२ च्या त्या गदारोळानंतरच.

टीपी डेस्क:
ब्रिटनचं उदाहरण इथे जसंच्या तसं बसत नाही. तिथून नेदरलँड्सला जाणाऱ्या रॉयल्टीवर तेव्हा टीडीएस नव्हता, आपल्याकडे आहे. समजा, इथल्या कंपनीची विक्री ५०० कोटी आणि रॉयल्टी ५ टक्के, म्हणजे २५ कोटी. २५.१७ टक्के दराने इथला कर ६.२९ कोटींनी घटला. पण दोन देशांमधल्या कर करारानुसार १० टक्के, म्हणजे अडीच कोटी टीडीएस कापला जातोच. तिजोरीचं निव्वळ नुकसान ३.७९ कोटी. कमी नाही, पण 'सगळं बाहेर गेलं' असंही नाही. ग्रुपमधल्या कर्जाचं व्याज १ कोटीच्या वर असेल, तर व्याज-घसारा-करापूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते.

दुसरं, लोकसभेच्या नियम २६६ नुसार समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. ब्रिटिश संसदेतल्यासारखा कॅमेऱ्यापुढचा घाम इथे दिसणार नाही.

गिरगाव नाका:
बैठक बंद, अहवाल उघड! २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांवर शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती बसली, फेब्रुवारी २००४ मध्ये अहवाल सभागृहात आला. कोक-पेप्सीला उत्तरं द्यावीच लागली की.

टीपी डेस्क:
बाटली प्रयोगशाळेत तपासता येते. रॉयल्टीचा 'रास्त भाव', म्हणजे परक्या कंपनीशी व्यवहार असता तर ठरला असता तो भाव, तसा तपासता येत नाही. सहा किंवा जास्त तुलनायोग्य व्यवहार सापडले तर ३५ ते ६५ पर्सेंटाइलचा पट्टा धरतात, नाहीतर सरासरी. सगळं भांडण असतं तुलनेला कोणत्या कंपन्या घ्यायच्या यावर. दोन वगळल्या की उत्तर फिरतं. मग अधिकारी, वाद निवारण पॅनेल, ट्रायब्युनल, हायकोर्ट. खासदाराला मिळणाऱ्या पंधरा मिनिटांत यातलं काय निघणार?

ताळेबंद:
पंधरा मिनिटं पुरतात, गृहपाठ केला तर. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीची एओसी-४, म्हणजे वार्षिक हिशेबांचा फॉर्म, उघडा. हिशेबाच्या टिपांमध्ये 'संबंधित पक्षांशी व्यवहार' हा तक्ता असतो. रॉयल्टी, व्यवस्थापन शुल्क, व्याज, मालखरेदी या चार ओळी पाच वर्षांच्या शेजारी शेजारी मांडा. विक्री दुप्पट आणि व्यवस्थापन शुल्क चौपट झालं असेल, तर त्या पैशात कोणती सेवा मिळाली एवढंच विचारा. हे सांगायला पर्सेंटाइल लागत नाही.

चर्चगेट स्लो:
हा प्रश्न मला पटला. पण आधी महसूल सचिवांना बोलावा. ६,४०० कोटींवर उलाढाल असलेल्या ग्रुपांचे देशवार अहवाल (कुठल्या देशात किती विक्री, नफा, कर) आयकर खात्याकडे येतात, कंपनीनिहाय तपशील गोपनीय असतो. तो मागू नका, नुसते आकडे मागा: किती अहवाल आले, त्यातली किती प्रकरणं तपासणीला गेली, खात्याने वाढवून धरलेल्या उत्पन्नातलं ट्रायब्युनलनंतर किती टिकलं. तिसरा आकडा अगदीच किरकोळ निघाला, तर कंपनीवाल्यांना बोलावून विचारणार काय?

गिरगाव नाका:
तेच, की खातं हरतं ते कागद कमी पडतात म्हणून, आणि ते कागद कोणाच्या कपाटात आहेत.