श्रमदानाला तिसऱ्या रविवारी गळती लागते, माणसं टिकवायची कशी?

गोदाकाठ: अंबड तालुक्यात आमची छोटी संस्था माळावर समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीतले चर खोदते. व्हॉट्सॲप ग्रुपवर 60 नावं आहेत. पहिल्या रविवारी 50 येतात, तिसऱ्या रविवारी 10. मेसेज रोज जातो, चहा-पोहेही असतात. काय करावं?

बालाघाट: दादा, पोह्यांनी माणूस टिकत नाही, हाताला काम मिळालं तर टिकतो. 50 माणसं अन् 10 टिकाव असले की बाकीचे बांधावर उभे राहतात, पुढच्या खेपेला तेच येत नाहीत. तिघातिघांच्या टोळ्या करा. टोळीला एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली. जेवढी अवजारं तेवढ्याच टोळ्या बोलवा, उरलेल्यांना पुढचा रविवार द्या.

आखणी आदल्या संध्याकाळीच उरका. ए-फ्रेमनं (ओळंबा लावलेली इंग्रजी A सारखी चौकट) समपातळी काढा, फक्की टाका, दर 3 मीटरवर खुंटी ठोका. चर 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. मुरमात नवख्या टोळीला दोन तासांत एवढं पुष्कळ झालं. खुंटी ते खुंटी आपलं काम पुरं झालेलं दिसलं की माणूस पुन्हा येतो. माती उताराकडच्या बाजूलाच टाकायची, हे सुरुवातीलाच दाखवा. वरच्या अंगाला टाकली तर पहिल्याच पावसात चरात उतरते अन् सगळी मेहनत वाया जाते.

मांजरातीर: ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांना असतो, म्हणून कुणीच मनावर घेत नाही. दहा-बारा जणांमागे एक प्रमुख नेमा. त्यानं शुक्रवारी फोन करावा: "ताई, रविवारी सहाला या, तुमची टोळी चार नंबर." न आलेल्यालाही फोन करावा, पण जाब विचारायला नव्हे, खुशाली विचारायला. एप्रिल-मेमध्ये वेळ 6 ते 8 ठेवा, आणि आठ म्हणजे आठलाच थांबा. भाषणात अर्धा तास गेला तर लोक उन्हात सापडतात.

गोदाकाठ: कॉलेजची पोरं मिळतील का?

बालाघाट: मिळतील. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास भरावे लागतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर असतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, हजेरीवर येण्या-जाण्याची वेळ अन् सही घ्या. परीक्षेच्या दिवसांत मात्र मागू नका.

मांजरातीर: मृगाआधी काम आवरा, पेरणीत शेतकऱ्याला हाक मारायची नाही. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या घरांनाही श्रमदानाचा आग्रह नको. कारखान्यावर हाडं झिजवून आलेल्यांना आधी मजुरीचं काम लागतं.